द्रवातील फ्लोरोसंट रंग : रंग थोडा, प्रकाश नेमका

धागालेखक : नेपथ्यदीप

काचेच्या भांड्यातील पाणी आतून उजळल्यासारखे दिसावे, यासाठी रंगमंचाच्या किंवा प्रदर्शनाच्या सजावटीत फ्लोरोसंट रंग वापरले जातात. हा प्रयोग करणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. दिव्याकडची कड झगझगीत दिसते, पण आतला भाग मंद आणि गढूळ राहतो. म्हणून आणखी रंग घातला, तर कड अधिकच पातळ होते आणि मधला भाग जवळपास काळवंडतो. या तक्रारीचे मूळ रंगाच्या कमतरतेत नसून अतिरेकात असते, हे सविस्तर मांडावे आणि इतरांचे अनुभवही एकत्र यावेत, या हेतूने हा धागा काढत आहे.

या रंगांची चमक, म्हणजे प्रतिदीप्ती, कशी होते, हे थोडक्यात सांगतो. रंगाचा रेणू एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो, त्यातली थोडी ऊर्जा आसपासच्या द्रवात हरवतो आणि उरलेली ऊर्जा अधिक लांब तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. फ्लोरेसिनच्या बाबतीत ही सगळी घडामोड साधारण चार नॅनोसेकंदांत संपते. दिवा बंद होताच पाणी तत्क्षणी विझते ते याच कारणाने. अंधारातही काही वेळ चमकत राहणाऱ्या पावडरींचा मार्ग वेगळा आहे, आणि वाकवल्यावर उजळणाऱ्या कांड्यांमध्ये तर रासायनिक अभिक्रियेतून प्रकाश तयार होतो. त्या कांड्या फोडून त्यांतला द्रव भांड्यात ओतण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो; तो कृपया पाळू नये. त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड, ऑक्झॅलेट एस्टर आणि सेंद्रिय द्रावक असतात, शिवाय आत काचेची फुटलेली कुपी असते.

सजावटीसाठी सर्वांत उपयुक्त रंग म्हणजे फ्लोरेसिन. आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तो प्रथम तयार केला. पाण्यात सहज विरघळणारे त्याचे सोडियम लवण युरेनिन या नावाने मिळते. नाव काहीही सुचवत असले तरी त्याचा युरेनियमशी संबंध नाही. हा रंग किती थोडा पुरतो, याचे जुने आणि उत्तम उदाहरण डॅन्यूब नदीचे आहे. जर्मनीत या नदीचे पाणी एका ठिकाणी चुनखडीच्या खडकात जिरून नाहीसे होते. ते कोठे जाते हे शोधण्यासाठी १८७७ मध्ये तेथे १० किलो फ्लोरेसिन सोडण्यात आले आणि सुमारे ६० तासांनी, जवळजवळ १२ किलोमीटर दूर असलेल्या आख नदीच्या झऱ्यातून हिरवे पाणी वर आले. एका नदीच्या प्रवाहाला जिथे १० किलो पुरतात, तिथे आपल्या काचेच्या भांड्याला चिमूटभर पावडरही कितीतरी अधिक ठरते.

आता प्रत्यक्ष मात्रेकडे येऊ. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम युरेनिन असेल आणि त्यावर ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे त्याला सर्वाधिक मानवणारा निळा प्रकाश टाकला, तर पहिल्या दीड सेंटिमीटरमध्ये निम्मा प्रकाश शोषला जातो आणि पाच सेंटिमीटरपर्यंत सुमारे ९० टक्के. दहा सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यात हा उतार डोळ्याला सुखद वाटतो आणि दोन्ही बाजूंनी दिवे लावले तर तो जाणवतही नाही. हेच प्रमाण लिटरला शंभर मिलिग्रॅम केले, तर ९० टक्के प्रकाश पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच संपून जातो. मग काचेला चिकटलेली एक झगझगीत पापुद्र्यासारखी पातळ कड तेवढी दिसते आणि मागे उरलेल्या सगळ्या पाण्यापर्यंत प्रकाश पोहोचतच नाही. शंभर मिलिग्रॅम म्हणजे बोटांच्या चिमटीत मावणारी पावडर, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाजाने रंग घालण्यात काय होते ते स्पष्ट होईल. दाट द्रावणात आणखी एक बदल घडतो : रंगाने बाहेर टाकलेल्या हिरव्या प्रकाशातला काही भाग शेजारचेच रेणू पुन्हा शोषतात आणि एकूण छटा हिरव्याकडून पिवळ्याकडे सरकते.

म्हणून पावडर थेट भांड्यात टाकू नये. एक ग्रॅम युरेनिन एक लिटर पाण्यात विरघळवून मूळ द्रावण करावे. त्याचा एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात घातला की लिटरला एक मिलिग्रॅम हे प्रमाण आपोआप साधते. वीस लिटरच्या उभ्या स्तंभाला वीस मिलिलिटर, इतका सरळ हिशेब राहतो. मूळ द्रावण गडद बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवावे. पावडर हाताळताना हातमोजे आणि तोंडावर मास्क असावा, पंखा बंद असावा, आणि खाली ओला कागद अंथरावा; कोरडे कण इतके हलके असतात की ते दिसत नाहीत, आणि नंतर जिथे ओल लागते तिथे पिवळे-हिरवे डाग उमटतात.

प्रतिसाद : जलरेखा

मांडणी आवडली. माझा प्रश्न टिकाऊपणाविषयी आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात, आपण सांगितलेल्या प्रमाणातच केलेले फ्लोरेसिनचे द्रावण पहिल्या दिवशी उत्तम चमकते, पण काही दिवसांत त्याचे तेज निम्म्यावर येते. भांडे बंद खोलीत आहे, तिथे ऊन येत नाही. पाणी शुद्ध असताना असे का व्हावे?

प्रतिसाद : रसायनवेल

जलरेखा, पाणी अतिशुद्ध असणे हेच येथे कारण असण्याची शक्यता आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) स्थिर ठेवणारे कोणतेही क्षार नसतात. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि त्याचा सामू हळूहळू ५.६ च्या आसपास उतरतो. फ्लोरेसिनचे ज्या रूपात तेज सर्वाधिक असते, ते रूप आम्लारिधर्मी पाण्यातच टिकते; सामू सुमारे ६.४ च्या खाली गेला की त्या रूपातले रेणू अल्पसंख्य होतात आणि चमक उतरते. रंग नष्ट झालेला नसतो, फक्त त्याचे रूप बदललेले असते.

याची परीक्षा सोपी आहे. पेलाभर द्रावण बाजूला काढून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. तेज लगेच परतले, तर दोष सामूचा. मग उरलेल्या पाण्यातही लिटरला अर्धा ते एक ग्रॅम सोडा घातला की सामू ८ च्या वर स्थिर राहतो आणि काम भागते. तेज परतले नाही, तर मात्र प्रकाशाने रंगाचा विनाश होत आहे असे समजावे. फ्लोरेसिनचे हे दुसरे दुखणे आहे आणि त्यावर उलटा उपाय नाही. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू अधूनमधून पाण्यातल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो आणि कायमचा निकामी होतो. उन्हात हे फार वेगाने घडते, दिव्याखाली सावकाश. त्यामुळे दिवे गरजेपुरतेच चालू ठेवावेत आणि मूळ द्रावणाचे काही थेंब अधूनमधून घालण्याची सोय ठेवावी.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. हा सोड्याचा उपाय टॉनिक वॉटरमध्ये असणाऱ्या क्विनिनला लागू करू नये. क्विनिनची निळी चमक आम्लधर्मी पाण्यातच चांगली खुलते. त्यामुळे फ्लोरेसिन आणि क्विनिन एकाच भांड्यात दोघांच्या सोयीने राहू शकत नाहीत.

प्रतिसाद : जलरेखा

सोड्याची परीक्षा करून पाहिली. पेल्यातले पाणी चमचा फिरेपर्यंत हिरवे झळाळले. आता स्तंभातही तेच करते. आभारी आहे.

प्रतिसाद : चित्रफलक

क्विनिनचा विषय निघाला आहे, तर त्यावर थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण माझ्या मते सजावटीच्या दृष्टीने तो सर्वांत देखणा पदार्थ आहे. फ्लोरेसिनचे पाणी साध्या उजेडातही पिवळे-हिरवे दिसते, त्यामुळे पाहणाऱ्याला पुढे काय होणार याचा अंदाज येतो. क्विनिन मात्र सुमारे ३५० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषते आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देते. शोषणाचा सगळा भाग अदृश्य असल्याने दिवसा ते पाणी अगदी नितळ, रंगहीन दिसते. अंधारात अतिनील दिवा लागला की तेच पाणी फिकट आकाशी रंगाने भरून जाते.

धागालेखकांनी मांडलेला कडेचा प्रश्न याच पदार्थाच्या निमित्ताने विज्ञानात प्रथम चर्चिला गेला, हे येथे सांगण्यासारखे आहे. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनिन सल्फेटच्या द्रावणात सूर्यप्रकाश शिरतो तिथे एक निळा थर पाहिला, आणि असा थर निर्माण करून बाहेर पडलेला प्रकाश दुसऱ्या क्विनिनच्या द्रावणात तसाच थर निर्माण करू शकत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ही पृष्ठभागाशी निगडित घटना मानली. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि क्विनिनची नळी त्यातून हलके हलके सरकवत नेली. जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे नळी निळी उजळली. कामाचे किरण पहिल्याच थरात शोषले जातात म्हणून चमक तिथेच दिसते, हा अर्थ त्यातून उलगडला. भांड्याच्या कडेला दिसणारा आपला थर तोच आहे.

क्विनिनच्या पाण्यात मीठ घालून पाहावे. क्लोराइड आयन उत्तेजित रेणूची ऊर्जा काढून घेतात आणि निळा उजेड डोळ्यांदेखत मंदावतो. म्हणूनच द्रावण आम्लधर्मी करताना मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, वापरले तर पदरी निराशा येते. सायट्रिक आम्ल त्यापेक्षा कितीतरी बरे. क्विनिनची पावडर मात्र घरगुती प्रयोगांसाठी मिळवू नये. ते औषध आहे आणि मात्रा चुकली तर घातक ठरते. टॉनिक वॉटरमध्ये ते अल्प प्रमाणात आधीच असते (अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा दहा लाख भागांत ८३ भाग अशी आहे) आणि सजावटीला तेवढे पुरेसे होते.

प्रतिसाद : उंबरठा

मला दिव्यांबद्दल स्पष्टता हवी आहे. माझ्याकडे ३९५ नॅनोमीटर असे लिहिलेली जांभळी एलईडी पट्टी आहे. तिच्याखाली फ्लोरेसिन बऱ्यापैकी चमकते, टॉनिक वॉटर मात्र जेमतेम दिसते. अतिनील दिव्यांखाली सगळेच फ्लोरोसंट रंग चमकतात, असा माझा समज होता.

प्रतिसाद : नेपथ्यदीप

उंबरठा, आपण पाहिलेला फरक बरोबर आहे. प्रत्येक रंगाची भूक वेगळ्या तरंगलांबीची असते. क्विनिनचे शोषण ३८० नॅनोमीटरच्या पुढे झपाट्याने ओसरते, म्हणून ३९५ च्या पट्टीचा त्याला फारसा उपयोग नाही. त्याला ३६५ नॅनोमीटरचा दिवा हवा. फ्लोरेसिनचे उलट आहे. ते अतिनील प्रकाशातही चमकते, पण त्या भागात त्याचे शोषण दुबळे असते आणि त्याला खरे बळ निळा प्रकाश देतो. ४५० ते ४९० नॅनोमीटरच्या साध्या निळ्या एलईडीखाली फ्लोरेसिन जेवढे तेजाळते, तेवढे महागड्या अतिनील दिव्याखालीही तेजाळत नाही. रोडामाइन बी या गुलाबी रंगाला तर हिरवा प्रकाश मानवतो. ५२० ते ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या दिव्याखाली ते नारिंगी-तांबड्या तेजाने उजळते. हिरव्या उजेडातून तांबडा रंग बाहेर येताना पाहणे हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता अनुभव आहे.

आपल्याला ३९५ ची पट्टीच वापरायची असेल, तर पायरानिन हा रंग शोधावा. पिवळ्या हायलायटर पेनांच्या शाईत तो वापरला जातो. आम्लधर्मी ते उदासीन पाण्यात त्याचे शोषण ४०० नॅनोमीटरच्या जवळ असते, आणि त्यातून मिळणारा प्रकाश ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा, स्वच्छ हिरवा असतो. म्हणजे फ्लोरेसिन ज्या सामूला कोमेजते, त्या सामूला पायरानिन या पट्टीखाली उत्तम काम देते.

चित्रफलक यांच्याप्रमाणे क्विनिनची बाजू घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ३९५ च्या पट्टीतून बराच दृश्य जांभळा प्रकाशही बाहेर पडतो आणि तो मंद निळ्या चमकेला गिळून टाकतो. ३६५ च्या दिव्यावर दृश्य प्रकाश अडवणारी गडद काच असेल, तर पार्श्वभूमी खऱ्या अर्थाने काळी राहते.

प्रतिसाद : चित्रफलक

निळ्या दिव्याबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. निळ्या प्रकाशाखाली फ्लोरेसिन सर्वाधिक तेजाळते हे मान्य, पण तो निळा प्रकाश स्वतःच सगळीकडे दिसतो. काचेच्या कडांवर, टेबलावर, पाण्यातल्या बुडबुड्यांवर निळी झाक येते आणि पाणी स्वयंप्रकाशी असल्याचा भास मोडतो. छायाचित्र काढताना भिंगासमोर पिवळी काच लावून तो निळा प्रकाश कापता येतो, परंतु प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आपण पिवळी काच लावू शकत नाही. ज्या सजावटीत भासाला महत्त्व आहे, तिथे तेज थोडे कमी पडले तरी चालेल, पण दिवा अदृश्यच असावा, असे मला वाटते.

प्रतिसाद : नेपथ्यदीप

हा आक्षेप योग्य आहे, पण तो दिव्याच्या जागेवर अवलंबून आहे. दिवा पाहणाऱ्याच्या बाजूने किंवा मागून टाकला, तर आपण म्हणता तसेच होते. तोच निळा दिवा भांड्याच्या तळाखाली, अरुंद झोतात, वरच्या दिशेने बसवला तर प्रकाश पाण्यातून सरळ वर जातो आणि बाजूने पाहणाऱ्याला जवळजवळ फक्त हिरवी प्रतिदीप्तीच दिसते, कारण प्रतिदीप्त प्रकाश सर्व दिशांना पसरतो आणि दिव्याचा झोत आपली दिशा सोडत नाही. त्यासाठी पाणी गाळलेले आणि धूलिकणविरहित असले पाहिजे, भांड्याच्या मागे मखमलीसारखे प्रकाश न परतवणारे काळे कापड असावे, आणि वरून निसटणारा झोत अडवायला काळे झाकण असावे. उंच स्तंभात अर्थातच मात्रा आणखी कमी करावी लागते. अर्ध्या मीटरच्या उंचीला लिटरला एकदशांश मिलिग्रॅमपासून सुरुवात करून थेंबाथेंबाने वाढवत जावे.

पांढरा कागद आणि पांढरे कपडे यांपासून मात्र अतिनील दिव्याच्या प्रयोगात सावध राहावे. त्यांतली शुभ्रता वाढवणारी द्रव्ये स्वतःच निळी चमकतात आणि पाहणाऱ्याचे लक्ष भांड्यावरून उडते.

प्रतिसाद : रसायनवेल

सुरक्षिततेबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे दिवे तुलनेने सौम्य मानले जातात, पण ३६५ चा शक्तिशाली एलईडी डोळ्याला मंद भासतो, बाहुली आकसत नाही, आणि प्रत्यक्षात बराच मारा डोळ्यावर होत असतो. त्याच्याकडे थेट पाहू नये आणि प्रेक्षकांच्या चेहऱ्यावर तो कधीही रोखू नये. अतिनील प्रकाश अडवणारा चष्मा काम करणाऱ्याने वापरावा. निर्जंतुकीकरणासाठीचे २५४ नॅनोमीटरचे दिवे या कामासाठी मुळीच वापरू नयेत. थोड्याच वेळात ते डोळ्यांना आणि कातडीला भाजतात, शिवाय त्यांचा प्रकाश साध्या काचेतून पार होत नसल्याने भांड्यातल्या पाण्याला त्यांचा उपयोगही नाही.

रोडामाइन बी विषयी माझे मत कठोर आहे. तो रंग अन्नात निषिद्ध आहे, प्राण्यांवरील चाचण्यांत तो हानिकारक आढळलेला आहे, कातडीवरचे त्याचे गुलाबी डाग लवकर जात नाहीत, आणि धनभारित असल्यामुळे तो प्लास्टिकला व सिलिकॉनच्या नळ्यांना चिकटून बसतो. ज्या कारंज्यातून एकदा रोडामाइन फिरवले, तो पंप पुढे प्रत्येक पाणी गुलाबी करत राहतो. बंद काचेच्या नळीत, मोहोर लावून, तो दाखवायला माझी हरकत नाही. उघड्या पाण्यात, विशेषतः लहान मुले हात घालतील अशा ठिकाणी, तो वापरू नये.

फ्लोरेसिन यापेक्षा बरेच निरुपद्रवी आहे. डोळ्यांच्या तपासणीत त्याचे थेंब वापरले जातात आणि नेत्रपटलावरील रक्तवाहिन्या पाहण्यासाठी ते शिरेतूनही देतात. पण ती औषधी शुद्धतेची, वैद्यकीय देखरेखीखाली दिलेली मात्रा असते. रंग म्हणून मिळणारी पावडर कोणत्याही पेयात घालू नये. पिण्याच्या पदार्थाला चमक द्यायचीच असेल, तर टॉनिक वॉटर किंवा रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, एवढेच पर्याय मला पटतात. रिबोफ्लेविन निळ्या प्रकाशात पिवळसर हिरवे चमकते, पण प्रकाशातच ते लवकर मोडते, म्हणून ते आयत्या वेळी घालावे.

प्रतिसाद : उंबरठा

दोन रंग एकत्र करून तिसरी छटा मिळवता येते का? फ्लोरेसिन आणि दुसरा एखादा तांबडा रंग मिसळून पिवळा उजेड मिळावा, अशी कल्पना आहे.

प्रतिसाद : रसायनवेल

मिळते, पण अपेक्षेप्रमाणे नाही. फ्लोरेसिनने सोडलेला हिरवा प्रकाश रोडामाइनसारख्या रंगाच्या शोषणाच्या पट्ट्यातच येतो. त्यामुळे तांबडा रंग हिरव्याचे तेज खाऊन स्वतः उजळतो, आणि तांबड्याचे प्रमाण किंचित वाढले तरी हिरवा भाग नाहीसा होऊन सगळे नारिंगी होते. छटांवर ताबा हवा असेल, तर दोन रंग दोन वेगवेगळ्या काचपात्रांत ठेवून ती एकात एक किंवा एकामागे एक मांडावीत. शिवाय एक रंग ऋणभारित आणि दुसरा धनभारित असेल, तर ते एकमेकांना बिलगून साका होण्याचाही धोका असतो.

प्रतिसाद : जलरेखा

एकाच भांड्यात थर करण्याचा मार्गही आहे. तळाशी मिठाच्या पाण्यात फ्लोरेसिन आणि वर साधे पाणी, असे मी केले आहे. वरचे पाणी ओतताना तरंगत्या लाकडी चकतीवर हळूहळू सोडले की थर मिसळत नाहीत. मिठामुळे क्विनिनसारखी फ्लोरेसिनची चमक मंदावत नाही, हे वरच्या चर्चेनंतर मुद्दाम तपासले. सीमारेषा दोन-तीन दिवस स्पष्ट राहते.

प्रतिसाद : नेपथ्यदीप

उत्तम. अशा लहान रेणूंचे स्थिर पाण्यातले विसरण फार संथ असते. दिवसाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास सीमा पसरते. पाणी ढवळते ते मुख्यतः दिव्याच्या उष्णतेने निर्माण होणाऱ्या प्रवाहांमुळे, म्हणून थरांच्या मांडणीत दिवा तळाशी न ठेवता बाजूला, थोड्या अंतरावर ठेवावा.

स्थिर पाण्याचा विषय निघाला आहे, तर ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. निळ्या दिव्याखाली सोडा घातलेले पाणी तासभर निवू द्यावे आणि सुईच्या टोकाने युरेनिनचा एकच कण पृष्ठभागावर सोडावा. तो कण विटकरी रंगाचा असतो आणि कोरडा असेपर्यंत अजिबात चमकत नाही, कारण घन अवस्थेत रेणू एकमेकांच्या इतके लगत असतात की उत्तेजित रेणूची ऊर्जा प्रकाश होण्यापूर्वीच विरून जाते. क्षणभर तो पाण्यावर तरंगतो. मग त्याच्या खालून केसाएवढा हिरवा धागा निघतो आणि सरळ खाली उतरू लागतो. धाग्याचे टोक जाड होते, कडेने वर वळते आणि छत्रीसारखे उघडते, त्या छत्रीच्या काठावरून पुन्हा तीन-चार बारीक धागे सुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाला नवी छत्री उमलते. पाणी जितके शांत, तितकी ही शाखांची रचना खोलवर जाते. रंगाच्या दाट द्रावणाचा थेंब किंचित जड असल्याने तो बुडतो, आणि बुडताना बाजूचे पाणी त्याला कुरवाळत वर वळवते, एवढीच त्यामागची क्रिया आहे. कितीही मोठे कारंजे केले तरी या एका कणाची सर त्याला येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि प्रदर्शनात लोक सर्वाधिक वेळ याच भांड्यापाशी थांबतात.

प्रतिसाद : चित्रफलक

हे छायाचित्रित करायचे असेल, तर गोल भांड्याऐवजी सपाट काचेचे चौकोनी भांडे घ्यावे आणि झोत चपटा, पट्टीसारखा करावा. मग फक्त त्या पातळ प्रतलातले धागे उजळतात आणि मागचे धागे चित्रात गर्दी करत नाहीत. प्लास्टिकची भांडी टाळावीत. अनेक प्रकारच्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये अतिनील शोषणारी द्रव्ये घातलेली असतात आणि ३६५ चा प्रकाश आत पोहोचण्याआधीच अडतो.

प्रतिसाद : उंबरठा

कायमस्वरूपी ठेवायच्या स्तंभात पाणी कुजू नये यासाठी काय करावे? सोडियम बेंझोएट घालावे का?

प्रतिसाद : रसायनवेल

सोडियम बेंझोएट आम्लधर्मी द्रावणातच परिणामकारक असते, साधारण ४.५ च्या खालच्या सामूला. फ्लोरेसिनसाठी आपण पाणी सोड्याने ८ च्या वर नेलेले असते, त्यामुळे तिथे ते निरुपयोगी ठरते. क्लोरीनयुक्त ब्लीच घातले तर जंतूंबरोबर रंगही नाहीसा होईल. प्रोपिलीन ग्लायकोल एकूण द्रवाच्या पाव भागाएवढे मिसळले की सूक्ष्मजीवांची वाढ रोखली जाते आणि रंगाला अपाय होत नाही. ग्लायकोल आणि पाणी आधी नीट एकजीव करून घ्यावे, नाहीतर भांड्यात लहरी दिसत राहतात. गाड्यांच्या रेडिएटरचे इथिलीन ग्लायकोल असलेले हिरवे द्रव आयतेच चमकते म्हणून काही जण तेच ओततात. ते अत्यंत विषारी आणि चवीला गोड असते, त्यामुळे मुले आणि पाळीव प्राणी यांच्या आसपास ते असताच कामा नये.

ग्लायकोल नको असेल, तर पाणी उकळून, गार करून भरावे आणि आठवड्याला बदलावे. एवढ्या अल्प मात्रेत रंग फार थोडा खर्ची पडतो.

प्रतिसाद : जलरेखा

बदललेले पाणी कोठे ओतावे, हाही प्रश्न आहेच. शिकागो नदी १९६२ पासून एका उत्सवासाठी हिरवी रंगवली जाते. सुरुवातीला त्यासाठी फ्लोरेसिनच वापरत, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने आक्षेप आल्यावर तो बदलून वनस्पतिजन्य रंग घेण्यात आला, असे वाचल्याचे स्मरते.

प्रतिसाद : नेपथ्यदीप

तो तपशील बरोबर आहे. पहिल्या वर्षी सुमारे ४५ किलो रंग ओतला गेला आणि नदी जवळपास आठवडाभर हिरवी राहिली होती.

आपल्या प्रमाणातले फ्लोरेसिनचे पाणी बादलीत भरून उघड्यावर, उन्हात ठेवावे. थोड्याच दिवसांत चमक नाहीशी होते, आणि मग ते सांडपाण्याच्या नळीत ओतायला हरकत नसते. विहीर, ओढा, तलाव किंवा पावसाच्या पाण्याच्या गटारात ते सोडू नये. पाण्याचा माग काढण्यासाठी आणि गळती शोधण्यासाठी हाच रंग वापरला जातो, त्यामुळे आपल्या सजावटीचे पाणी तिथे पोहोचले तर कोणाचे तरी मोजमाप बिघडेल आणि उगाच भीतीही पसरेल. ग्लायकोल मिसळलेले पाणी थेट जमिनीवर ओतू नये, कारण कुजताना ते पाण्यातला बराच ऑक्सिजन खाते. रोडामाइन असलेले काहीही नळीत ओतू नये. ते बंद बाटलीत साठवून, लेबल लावून, रासायनिक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडेच द्यावे. आणि रिकामे झालेले काचपात्र प्रथम सोड्याच्या पाण्याने धुऊन, अंधारात निळ्या दिव्याखाली तपासावे. कोपऱ्यात राहिलेला थेंब तिथे लगेच दिसतो.